चिमणीची पाळी

त्या बसस्टँडवर 'पाळी' या शब्दाला जेवढं राबवून घेत, तेवढं एखाद्या नोकरालासुद्धा कुणी राबवलं नसेल. सकाळपाळी, दुपारपाळी, रात्रपाळी तर होतीच. पाण्याच्या नळावर उभं राहिलं की आपली पाळी कधी येते ते बघायचं. साहेबांची बोलणीसुद्धा पाळीपाळीने खायची. आणि बायकांची पाळी ती आणखी निराळी. तिचा विषय निघाला की साहेब खिडकीबाहेर बघत "हां हां, ते" म्हणत. एवढं ओझं एकाच शब्दाच्या डोक्यावर दिलं तर तो कधीतरी पाय घसरून पडणार, हे कुणाच्या तरी लक्षात यायला हवं होतं. आलं नाही.

तर गोष्ट चिमणीची. चिमणी म्हणजे स्टँडवर घोषणा करणारी बाई. फलाटांच्या टोकाला एक काचेची खोली होती, एकाला ऐसपैस आणि दोघांना अडचणीची. दार लावलं की बाहेरचं काही ऐकू येत नसे, आणि त्या खोलीबद्दल चांगलं म्हणावं असं तेवढंच. टेबलावर माइक, माइकखाली एक अडकणारं बटण, बटणाशेजारी एक लाल दिवा. माइक चालू असला की तो दिवा लागायचा. म्हणजे लागायला हवा होता. तो केव्हाच गेलेला. चिमणीने कितीदा तक्रार केली, पण साहेबांचं एकच पालुपद, "दिवा कशाला पाहिजे? आवाज जातोय ना? मग झालं!"

आवाज जायचा खरा, पण कसला! बारीक, टोकदार, एका दमात तीन शब्द. "बंदराकडेजाणारीगाडी" एवढं झालं की पुढचं लोक एकमेकांना विचारून घेत. म्हणून तिचं नाव चिमणी पडलं. बंदराच्या गाडीवरच्या ड्रायव्हरला मात्र हा चिवचिवाट फार आवडायचा. आपल्याच गाडीचं नाव ती जरा लाडाने घेते अशी त्याची समजूत झाली आणि त्या समजुतीवर त्याने लग्न केलं. माणूस अबोल. त्याच्या तोंडून 'हं' पलीकडचा शब्द काढायचा म्हणजे धक्का मारून गाडी सुरू करण्यातला प्रकार. घरात दोघं वरच्या मजल्यावर, त्याची आई खालच्या मजल्यावर. सासूबाईंचे गुडघे जिना चढू देत नसत, तोंड मात्र स्वस्थ बसू देत नसे. त्यामुळे त्या खालून वर फोन करत. एकाच घरात, एकाच जिन्यावर.

लग्नाला काही वर्षं झाली, मूल नव्हतं, आणि एक दिवस चिमणीची पाळी चुकली.

बातमी खाली पोचायचा अवकाश, सासूबाईंनी पिवळी लोकर काढून टोपडं विणायला घेतलं. घरी आणलेल्या तपासणीच्या पट्टीवर एकच रेघ आली, म्हणजे 'नाही'. सासूबाई म्हणाल्या, "पट्टी शिळी असेल. माझ्या वेळी कुठे होत्या पट्ट्या? तरी झालाच ना हा?" हा म्हणजे ड्रायव्हर. तो "हं" म्हणाला. पुढच्या महिन्यातही पाळी नाही आणि रेघ एकच. "मूल लाजाळू असेल," सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी टोपड्याला गोंडा लावला.

मग चिमणीचा आवाज उतरू लागला. आधी वाटलं घसा बसलाय. गुळण्या झाल्या, वाफारे झाले, आवाज काही वर येईना. पायरी पायरीने खाली जात तो एकदाचा तळमजल्यावर जाऊन बसला. घोषणा झाली की लोकांना वाटायचं, स्टँडवर कुणी नवे कडक अधिकारी आले. रांगा सरळ झाल्या. फलाटावर पाय पसरून झोपणारे उठून बसू लागले. साहेब खूश! कंडक्टर मंडळींनी तर जाहीरच करून टाकलं, "चिमणी अजून चिमणीच आहे बरं का. आधी झाडावरची होती, आता कारखान्याची आहे!"

सगळा स्टँड हसला. चिमणीही हसली, आणि तिच्या तोंडून असा काही गडगडाट निघाला की ती मध्येच गप्प झाली. त्या दिवशी तिला पहिल्यांदा भीती वाटली.

हनुवटीवर केस आले. ती गुपचूप नवऱ्याच्या दाढीच्या ब्लेडने ते काढू लागली. ड्रायव्हरच्या गालावर रोज एक नवी चीर पडायची आणि तो ब्लेड बनवणाऱ्या कंपनीवर चिडायचा. अशातच एक दिवस खालून फोन आला. तिने उचलून "हॅलो" म्हटलं आणि सासूबाई सुरूच झाल्या.

"बाळा, तुझ्या बायकोला जरा सांग. चहा करते की पाणी रंगवते? आणि जिन्यात चपला अशा टाकते, जसं काही दुकान मांडलंय!"

आपल्याला मुलगा समजून चाललंय हे चिमणीच्या ध्यानात आलं. खुलासा करावा, तर आधीचं सगळं ऐकून घेतल्यासारखं होणार. ऐकलं तर होतंच. शेवटी ती त्या नव्या जाड आवाजात म्हणाली, "हो आई." फोन ठेवला आणि जाऊन चपला सरळ केल्या.

ब्लेडचं रहस्य फुटायला फार वेळ लागला नाही. ड्रायव्हरने एका सकाळी तिला आरशासमोर पकडलं. ती रडायच्या बेतात. त्याने ब्लेड तिच्या हातून काढून घेतलं आणि आयुष्यातलं सर्वात लांब वाक्य उच्चारलं.

"गाडीचा आवाज बदलला की मी तिला गॅरेजला नेतो. तुला नको का न्यायला?"

डॉक्टरबाई बारीक चणीच्या, घाईघाईत बोलणाऱ्या. रक्त तपासलं, पोटाची सोनोग्राफी झाली. सासूबाईही गुडघ्यांना शिव्या देत बरोबर आल्या होत्या, कारण नातवाची बातमी दुसऱ्याच्या तोंडून ऐकायची त्यांची तयारी नव्हती.

"दिवस गेलेले नाहीत," डॉक्टरबाई म्हणाल्या. "एका अंडाशयात गाठ आहे. पुरुषांच्या अंगात असतं ते हार्मोन ही गाठ भरमसाट बनवतेय. म्हणून पाळी बंद, म्हणून आवाज, म्हणून केस. असली गाठ फार क्वचित दिसते. ती काढावी लागेल."

सासूबाईंचा चेहरा उतरला. मग त्यांनी तो चढवला आणि टेबलावर हात आपटला. "काढा. पण माझ्या सुनेला काही झालं, तर गाठ माझ्याशी आहे!"

"आजी, सध्या तरी ती तुमच्या सुनेशी आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"केवढी आहे हो?"

"मोसंब्याएवढी."

सासूबाईंनी हाताच्या ओंजळीत माप धरून बघितलं आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "टोपडं बरोब्बर बसलं असतं." बोलल्यावर त्यांची त्यांनाच लाज वाटली.

चिमणीला विचारायचं होतं ते एकच. मोठ्या कष्टाने, त्या भसाड्या आवाजात तिने विचारलं, "मूल होईल का मला?"

डॉक्टरबाईंची घाई संपली. "ते अंडाशय आणि त्याची नळी जाणार. दुसरं चांगलं दिसतंय. ते आणि गर्भाशय दोन्ही ठेवायचा माझा विचार आहे, आणि एका अंडाशयावरही मूल होतं. पण आत बघितल्याशिवाय आणि गाठ तपासून आल्याशिवाय मी शब्द देणार नाही."

 मग ड्रायव्हर म्हणाला, "म्हणजे स्टेपनी आहे."

"स्टेपनी कसली, तेही चाक चालूच होतं की," डॉक्टरबाई हसल्या. "पण हो, तसंच समजा."

इस्पितळात भरती व्हायच्या आदल्या संध्याकाळी चिमणी पिशवी भरत होती. ड्रायव्हर गाडीवर होता. खालून फोन आला.

"बाळा, मी काय म्हणते," सासूबाईंचा आवाज नेहमीसारखा कडक होता, फक्त मध्ये मध्ये अडकत होता. "मूल नाही झालं तर नाही झालं. माझं काही अडलेलं नाही. टोपडं मी चहाच्या किटलीला घालीन, चहा गरम राहील. पण माझी सून मला धडधाकट घरी परत पाहिजे. तिला सांगू नकोस हं हे. डोक्यावर बसेल."

चिमणीने डोळे पुसले. "हो आई," ती म्हणाली. फोन ठेवल्यावर ती रडली, आणि आपलं रडणंसुद्धा एखाद्या पैलवानाचं वाटतं हे ऐकून रडता रडता हसली.

गाठ एकसंध निघाली. ती पसरलेली नव्हती, दुसरं अंडाशय साफ होतं, पुढे कसली जहाल औषधं नकोत, फक्त तपासणीला नेमाने यायचं असं ठरलं. "पाळी येईल. केस हळूहळू कमी होतील," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आवाज मात्र बहुतेक असाच राहील. घशातल्या तारा एकदा जाड झाल्या की झाल्या." चिमणी घरी आली तेव्हा किटलीच्या डोक्यावर गोंड्याचं पिवळं टोपडं होतं. सासूबाई त्याविषयी काही बोलल्या नाहीत, तीही बोलली नाही. चहा मात्र खरंच गरम राहायचा.

ती कामावर परतली आणि एका सकाळी, स्टँड गर्दीने फुललेला असताना, ती बायकांच्या स्वच्छतागृहातून धावत बाहेर आली. "आली! माझी पाळी आली!"

समोर साहेब. "बाई, तुमची पाळी आत्ता चालू आहे. आली काय म्हणता? घोषणा सोडून कुठे फिरताय?"

शेजारच्या टपरीवरची चहावाली साहेबांच्या कानाशी काहीतरी पुटपुटली. साहेबांनी लगेच खिडकी शोधली. तिथे खिडकी नव्हती, म्हणून ते गाड्यांच्या फळ्याकडे बघत म्हणाले, "हां हां, ते. अभिनंदन." पाळी आली म्हणून अभिनंदन झालेली ती त्या स्टँडवरची पहिलीच बाई असावी.

पण माणसाचं मन किती लबाड असतं बघा. जिची एवढी वाट पाहिली, ती आता येऊ नये म्हणून चिमणी वाट बघू लागली. आणि ती मेली इमानेइतबारे यायची. सासूबाई काही विचारत नसत. फक्त किटलीवरचं टोपडं अधूनमधून सरळ करत.

आणि मग एका महिन्यात ती आली नाही.

दुसऱ्या कुणाला आनंद झाला असता. चिमणीने कॅलेंडरच उलटं करून ठेवलं, कारण मागच्या वेळीही सुरुवात अशीच झाली होती. पाळी चुकली, सगळे खूश झाले, आणि निघाली गाठ. ती आरशात हनुवटी तपासू लागली. कानात बोट घालून आवाज काढून बघायची, अजून खाली गेला की काय. पर्समध्ये तपासणीची पट्टी होती, ती तिथून बाहेर निघेना. दोन रेघा आल्या तर मूल. एकच आली तर पुन्हा ती ऑपरेशनची खोली, त्या सुया, आणि आता मागे स्टेपनीही नाही.

तिने कुणाला सांगितलं नाही. रोज कामावर जायची, रोज घोषणा करायची. त्या दिवशीही तिने "बंदराकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर लागली आहे" म्हणून माइक बंद करायला बटण दाबलं. बटण अडकलं. ते सांगणारा दिवा तर गेलेलाच. एवढ्यात ड्रायव्हर गाडीवर चढण्यापूर्वी नेहमीसारखा चहाचा थर्मास द्यायला आत आला, दार लागलं, आणि त्याचा तो भाबडा चेहरा बघून चिमणीचा बांध फुटला.

"अहो, माझी पाळी चुकलीये."

"हं?"

"परत गाठ असली तर? एकच अंडाशय उरलंय हो. तेही काढलं तर मूल कुठून आणू मी? पट्टी पर्समध्ये घेऊन फिरतेय, बघायची हिंमत होत नाही. मला फार भीती वाटतेय."

ड्रायव्हर उभा राहिला. आतल्या आत धक्के मारत राहिला. शेवटी इंजिन सुरू झालं.

"आवाज तोच आहे तुझा. मागच्या वेळी रोज थोडा थोडा उतरत होता. आता आहे तिथेच आहे. मी रोज ऐकतो ना, गाडी फलाटावर लावून तुझंच ऐकत बसतो. आणि गाठ निघाली तरी मी आहे. मूल नसलं तरी आहे."

एवढं तो लग्नातही बोलला नव्हता. चिमणीने डोळे पुसायला मान वर केली आणि काचेबाहेर तिची नजर गेली. सगळा स्टँड जागच्या जागी उभा होता. हमाल डोक्यावर ट्रंक घेऊन थांबलेला. कंडक्टरांनी टोप्या काढलेल्या. शेकडो चेहरे कर्ण्यांकडून वळून काचेच्या खोलीकडे लागलेले.

टेबलावरचा फोन वाजला. साहेब होते. 

"बाई, रडू नका. तुमची पाळी चुकलेली नाही. तुम्ही अगदी वेळेवर आलात, मी स्वतः पाहिलंय."

"साहेब, ती पाळी नाही..."

 "हां हां," साहेब म्हणाले. "ते. मग... मग माइक तेवढा बंद करा."

चिमणीने बटण ठोकून सोडवलं, एवढ्यात दार उघडून चहावाली आत घुसली आणि तिने हात पुढे केला. "पट्टी कुठाय? चल ऊठ. भीत भीत बसलीस म्हणून रेघ बदलणार आहे का?"

चिमणीला तिने दंडाला धरून बाहेर काढलं. गर्दी दोन्ही बाजूंना सरकली. बायकांच्या स्वच्छतागृहासमोर ही भली मोठी रांग होती, आणि रांगेत कडेवर पोर घेतलेली, हातात बोचकी धरलेली प्रत्येक बाई बाजूला झाली. सर्वात पुढच्या म्हातारीने दार उघडून धरलं.

"ये बाई, ये. आधी तुझी पाळी!"

इकडे साहेबांनी ड्रायव्हरला गाडीवर बसवलं, कारण गाडी सुटायची वेळ झाली होती. तो बसला. इंजिन चालू केलं नाही. मागून एक प्रवासी ओरडला, "काही घाई नाही हो!" आणि सगळी गाडी त्याला दुजोरा देऊ लागली.

चिमणी बाहेर आली ती कुणाशी न बोलता थेट काचेच्या खोलीत गेली. बटण दाबलं. कर्ण्यांत खरखर झाली आणि तो जाड, खोल, कारखान्याच्या चिमणीतून यावा तसा आवाज सगळ्या फलाटांवर पसरला.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. बंदराकडे जाणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरांनी विशेष लक्ष द्यावे. दोन रेघा आहेत. पुन्हा एकदा ऐका. दोन!"

फलाट चारवरून हॉर्न वाजला आणि वाजतच राहिला. मग फलाट पाच, मग एक, मग सगळेच. "स्टँडवर हॉर्नला मनाई आहे!" असं साहेब दारात उभे राहून ओरडत होते, पण ते कुणाला ऐकू गेलं नाही आणि त्यांचीही तशी फारशी इच्छा नसावी.

दोन रेघांनी निम्मी भीती गेली, निम्मी राहिली. बाळ असलं म्हणून सोबत गाठ नसेल कशावरून? काही आठवड्यांनी डॉक्टरबाईंनी सोनोग्राफी केली तेव्हा चिमणी पडद्याकडे बघायला तयार नव्हती. तिने डोळे घट्ट मिटले होते आणि ड्रायव्हरचा हात असा दाबला होता की पुढे दोन दिवस त्याला स्टिअरिंग जड गेलं. डॉक्टरबाई यंत्र इकडून तिकडे फिरवत राहिल्या. मग खोलीत घाईघाईचा ठकठक आवाज सुरू झाला.

"हे बाळाचं हृदय," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"आणि गाठ?" चिमणीने डोळे न उघडता विचारलं.

"गाठ नाही. अंडाशय साफ आहे. गाठ पडेल ती आता थेट बाळाशीच, दिवस भरल्यावर."

चिमणीने डोळे उघडले.

घरी पोचून जिना चढतात न चढतात तोच वर फोन वाजायला लागला. तिनेच धावत जाऊन उचलला.

"बाळा, काय म्हणाल्या डॉक्टरबाई?"

"गाठ नाही. बाळ आहे. ठोके ऐकले आम्ही."

पलीकडून बराच वेळ नाक ओढल्याचा आवाज आला. मग सासूबाईंनी घसा खाकरला. "बरं. तुझ्या बायकोला सांग, जिना सावकाश चढत जा म्हणावं. आत्ता धावल्याचा आवाज आला मला."

"हो आई." ती थांबली. आज तिला खोटं निभवेना. "आई, हे नाहीत. मी बोलतेय. मी, सून."

"मग? मला काय कळत नाही?" सासूबाई भडकल्या. "माझा मुलगा जन्मात कधी 'हो आई' म्हणालाय? त्याचं आपलं हं, हं, हं!"

चिमणीने भिंतीला पाठ टेकली. तिला ती पिशवी भरतानाची संध्याकाळ आठवली. "म्हणजे... इस्पितळात जायच्या आदल्या दिवशीही तुम्हाला..."

"त्याही दिवशी. आणि चहाच्या पाण्याचं बोलले त्याही दिवशी. तोंडावर बोलायचं म्हटलं की मला लाज वाटते गं." मग त्यांचा आवाज पुन्हा कडक झाला. "आणि आता किटलीला दुसरं काहीतरी शोध. टोपडं मी धुवायला घेतलंय. सगळा चहाचा वास भरलाय मेल्याला."